मदत हवी आहे: नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडची तपासणी जवळपास कुठे होते?

राम राम मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले. पुतण्या बारा वर्षांचा आहे. अगदी तान्हा होता तेव्हापासून ओला खोकला, नाक कायम भरलेलं, कान वाहतो. सकाळी उठला की आधी वाटीभर पिवळा कफ, मग चहा. सीटी स्कॅनमध्ये ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यात कफ साचणं) निघाला, आणि हृदय उजव्या बाजूला. आता डॉक्टरांना पीसीडीची शंका आहे, म्हणजे श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस जन्मापासूनच नीट हलत नाहीत. या आजारात नाकातलं नायट्रिक ऑक्साइड बहुधा फार कमी भरतं, म्हणून ती तपासणी सांगितली आहे.

जळगावात विचारलं तर दम्यासाठी तोंडाने फुंकायची फेनो तपासणी दाखवतात. ती वेगळी, आम्हाला नाकातली हवा ओढून मोजणारी हवी. धुळे, नाशिक, पुणे, मुंबई कुठेही चालेल. कोणी केली असेल तर ठिकाण आणि खर्च सांगा. जनुकीय तपासणीही करावी लागली का?

तसंच ३ टक्के सलाईनची वाफ घेतल्यावर कफ काढायला शिकवणारा छातीचा फिजिओथेरपिस्ट भुसावळ-जळगावकडे आहे का?

(केळी बंद करा हा सल्ला रावेरात राहून रोज ऐकतो, तो सोडून बोला!)