टर्बोवरचा भाजलेला कार्बन निघत नाहीये, कॉस्टिकमध्ये टाकू का?

घाटातला_डिझेल
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची डिझेल एसयूव्ही, १ लाख ४० हजार किमी झालेत. गेले चार-पाच महिने कुंभार्ली घाट चढताना अडीच हजार आरपीएमच्या वर गेलं की पिकअप एकदम मरतो, चेक लाइट लागते, बाजूला घेऊन बंद-चालू केली की दहा मिनिटं परत नीट. स्कॅनरवर ओव्हरबूस्टचा कोड, म्हणजे टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) गरजेपेक्षा जास्त हवा कोंबतोय. गॅरेजवाल्याने सरळ नवीन टर्बो सांगितला, आकडा ऐकून गाडी घरी आणली आणि शेडमध्ये मेहुण्याला हाताशी घेऊन स्वतःच टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) उतरवलं. मॅनिफोल्डची भोकं निम्मी बुजलेली, काकवीत काजळ कालवल्यासारखा चिकट थर. ते दोन रात्री डिझेलमध्ये भिजत घातलं, टूथब्रशने बऱ्यापैकी निघालं. पण टर्बोच्या हॉट साइडला, म्हणजे धूर येतो त्या बाजूला, पण डिझेल ओतून ठेवलं होतं, तिथलं मात्र तसंच आहे, कढईच्या बुडाला कीट असतं ना तसं, आणि व्हीजीटीचा (टर्बोतल्या धुराचा जोर कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पाकळ्यांचा) लिव्हर अर्ध्यात अडकतोय. आता मेहुणा म्हणतो बादलीभर गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घाल, अख्खा टर्बो सोड, सकाळपर्यंत चकाचक. करू का? कुणी केलंय का?

रॉकेल_आणि_ब्रश
नको नको नको. अख्खा तर अजिबातच नको.
मी हा उद्योग जुन्या बाईकच्या पिस्टनवर केलाय. वर कार्बनचा थर होता, कुणीतरी सांगितलं कॉस्टिक, टाकलं. इनो टाकल्यासारखं फसफसायला लागलं, मला वाटलं वा काय कार्बन निघतोय. कार्बन नाही, पिस्टन निघत होता. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की धातूच विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो, म्हणजे बंद शेडमध्ये बाजूला कुणी काडी ओढली तर वेगळीच मजा. पंधरा मिनिटांनी काढला तर काळाठिक्कर आणि रिंगच्या खाचा ढिल्या झालेल्या, सरळ भंगारात.
तुमच्या टर्बोचं थंड बाजूचं चाक आणि गोगलगायीसारखं कव्हर दोन्ही ॲल्युमिनियम. मॅनिफोल्ड पण बहुतेक ॲल्युमिनियमच असणार. ओव्हन क्लीनरचे स्प्रे मिळतात त्यातही बऱ्याचदा कॉस्टिकच असतं, डबा वाचून घ्या.

उद्यमनगरी
वरच्या भावानं बरोबर सांगितलंय. कोल्हापुरात आमचं इंजिन रिपेअरचंच काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.
पहिलं म्हणजे हे दोन वेगवेगळे कार्बन आहेत. इनटेकला येतो तो ईजीआरमधून आलेली काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) आलेली ऑइलची वाफ, दोन्ही मिसळून डांबर होतं. डिझेल, रॉकेल, कार्ब क्लीनर हे काजळी विरघळवत नाहीत, ते मधलं ऑइल विरघळवतात आणि मग काजळी आपोआप सुटते. हॉट साइडला ते ऑइल कधीच जळून गेलंय, नुसता कोळसा उरलाय, त्यामुळं डिझेलमध्ये महिनाभर ठेवलं तरी काय फरक पडणार नाय.
आता तुम्ही म्हणाल एवढ्या गरम जागी कार्बन जळून का जात नाही. काजळी जळायला साधारण साडेपाचशे-सहाशे डिग्री लागते, घाटात फुल्ल लोडवर तेवढं तापमान येतं पण गावात दूध-भाजी आणायला गाडी फिरवली, सिग्नलला उभी राहिली की एक्झॉस्ट दीड-दोनशेवर लोळत असतो. म्हणून नुसती शहरात फिरणारी गाडी आधी चोक होते, ट्रकवाल्याची नाही.
आता तुमचं काम. हॉट हाऊसिंग कास्ट आयर्नची आहे, ती वेगळी करायलाच लागणार, आत व्हीजीटीच्या पाकळ्या आहेत. खोलायच्या आधी हाऊसिंग आणि मधला भाग, दोन्हीवर पंचनं खूण मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोल्टवर आदल्या रात्री गंजाचं ऑइल मारा, सकाळी हाऊसिंगला टॉर्चनं शेक द्या, पण आत ओतलेलं डिझेल आणि ते ऑइल आधी पुसून पार कोरडं करा नायतर भडका उडेल. एवढं करूनही एखादा बोल्ट तुटतोच, मनाची तयारी ठेवा.
हाऊसिंग आणि पाकळ्यांची रिंग सुटी झाली की त्यांना डिकार्बनायझिंग लिक्विडमध्ये टाका, स्पेअरच्या दुकानात कॅन मिळतो, हातमोजे आणि चष्मा घालून. नाहीतर पंप-नोझलवाल्याकडं अल्ट्रासॉनिक बाथ असतो, त्याला विनंती करा. मग पितळी ब्रश आणि लाकडाची काडी. पाकळी एक एक बोटानं हलवून बघा, सगळ्या एकसारख्या हलल्या पाहिजेत.
मधला भाग, शाफ्ट आणि दोन चाकं, तो कशातच बुडवायचा नाही. आत बेअरिंग आहे, सील आहे, घाण पाणी आत गेलं की संपलं. चाकावर स्क्रू ड्रायव्हर पण लावायचा नाही, ते दीड-दोन लाख आरपीएमवर फिरतं आणि बॅलन्स केलेलं असतं, एवढासा ओरखडा पण त्याला पुरतो. चाकाचा नट खोलू नका. आणि लिव्हरच्या स्टॉपचा छोटा स्क्रू असतो त्याला हात लावू नका, तो मशीनवर सेट केलेला असतो. सँड ब्लास्टिंग करून देतो म्हणणारा पण भेटेल, त्याला नमस्कार करा. वाळूचा एक कण ऑइलच्या वाटेत राहिला तर बेअरिंग खातो.

चला_फिरू
एवढं खोलायचं कशाला राव, एअर इनटेकमध्ये क्लीनर स्प्रे मारायचा इंजिन चालू ठेवून, मी पेट्रोल गाडीला करतो, मस्त होते

उद्यमनगरी
पेट्रोलची गोष्ट वेगळी भावा. डिझेल इंजिनचा वेग थ्रॉटलनं हवा अडवून ठरत नाही, इंधनावर ठरतो, जे जळणारं आत जाईल ते त्याच्यासाठी इंधनच. स्प्रे जास्त मारला तर इंजिन सुटतं, चावी बंद करून पण थांबत नाही. आणि मोठा थर अख्खा सुटून टर्बाइनवर आपटला तर चाकाचे पातेच उडतील. त्यांनी खोललंच आहे तर हातानंच करू द्या.

पुणेरी_पाना
थोडं अवांतर. डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलला इनटेक व्हॉल्व्हवर असाच थर बसतो कारण पेट्रोल व्हॉल्व्हवर पडतच नाही, धुतलं जात नाही. तिथे अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात, धातूला ओरखडा पडत नाही. अक्रोड खाऊन टरफलं टाकू नका.
बाकी @घाटातला_डिझेल, कार्बन का साठला ते बघितलंत का? टर्बोला ऑइल देणारी बारीक पाइप काढून फुंकून बघा. घाट चढून आल्या आल्या चावी बंद करायची सवय असेल तर गरम टर्बोत राहिलेलं ऑइल तिथेच करपतं. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, मग बंद करा.

घाटातला_डिझेल
अपडेट. मेहुण्याला कॉस्टिकचा विषय आता काढायचा नाही असं सांगितलंय, तो रुसलाय.
हाऊसिंग आणि रिंग एक रात्र लिक्विडमध्ये ठेवली, सकाळी निम्मा कार्बन पापुद्र्यासारखा सुटला, बाकीच्याला तीन वेळा परत बुडवावं लागलं. अकरापैकी दोन पाकळ्या जाम होत्या, आता सगळ्या बोटाने हलतात. लिव्हर ओढणारा ॲक्ट्युएटर व्हॅक्यूमवर चालतो म्हणून मेडिकलमधून ६० एमएलची सिरिंज आणून नळीने ओढून बघितलं, लिव्हर पूर्ण वर जातो आणि सोडला की अडखळत न थांबता परत येतो.
पाइप बघायला सांगितली ते बरं झालं. फुंकलं तर गाल फुगले, हवा पुढे जाईना. बँजो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) आत बारीक जाळी असते ती काळ्या खड्यांनी भरलेली. आणि हो, घाट चढून टपरीवर पोचलो की पहिली चावी बंद, मग चहा, हे मी दहा वर्षं करतोय.
आता पाइप नवीनच घेतोय, गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर पण. बसवताना अजून काही?

उद्यमनगरी
ऑइल आणि फिल्टर बदला. पाइप जोडायच्या आधी टर्बोच्या भोकात सिरिंजनंच नवीन ऑइल सोडा आणि चाक हातानं फिरवा. मग इंजिन स्टार्ट न होता दहा-दहा सेकंद क्रँक करा, ऑइल वर येऊ दे, मग चालू करा, लगेच रेस देऊ नका. आणि बोल्ट किती तुटले ते सांगितलंच नाही?

घाटातला_डिझेल
दोन. उद्या सकाळी हाऊसिंग घेऊन लेथवाल्याकडे चाललोय.