मोठ्या पदांवरची माणसे आधी काय करत होती?

प्रश्न : दारव्ह्याचे मास्तर

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या गावातील एका शेतकऱ्याची मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली असून, ‘सरकारात किंवा परदेशी व्यवहार करणाऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर जायचे’ एवढेच तिने ठरवलेले आहे. त्यासाठी आधी वकील व्हावे लागते, असे तिच्या आजोबांचे मत असून आधारादाखल ते वसंतराव नाईकांचे नाव घेतात. वडील म्हणतात, वकिलीत सुरुवातीची कितीतरी वर्षे पैसा दिसत नाही, त्यापेक्षा यवतमाळला अभ्यासिका लावून राज्यसेवेची तयारी करावी. अशा पदांवर पोहोचलेल्यांचा मूळ व्यवसाय खरोखर कोणता होता, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : तालुका न्यायालयातील वकील

मास्तर, आजोबांचे उदाहरण खरे आहे. वसंतराव नागपूरला कायदा शिकले, अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी केली आणि नंतर पुसदला वकिली थाटली. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या काळातील मुख्यमंत्रिपद त्यानंतरचे. पंजाबराव स्वतः बॅरिस्टर होते आणि पुढे १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री राहिले. त्याही मागे जायचे तर १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष शंकरन नायर हे मद्रासचे वकील होते आणि वऱ्हाडातील राजकारणाचे अग्रणी दादासाहेब खापर्डे हेही वकीलच.

याचे कारण पदवीपेक्षा पेशाच्या स्वरूपात आहे. धुऱ्याचे भांडण, गहाणखत, कुळाचा हक्क, वाटणी, यांतले काहीही निघाले की माणूस वकिलाकडे येतो, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत तालुक्यातील बहुतेक घरांचे अंतरंग वकिलाला ठाऊक होते. शिवाय तो कोणाचा नोकर नसल्याने काही महिने काम बाजूला ठेवून सभा घेऊ शकतो. आपल्याला नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, हे आपण जाणताच. आमदार-खासदार हे पूर्णवेळ पगारी नोकर ठरत नाहीत, म्हणून ते वकिली करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

न्यायव्यवस्थेत मात्र दुसरी वाट नाही. अमरावतीचे भूषण गवई यांनी १९८५ मध्ये वकिली सुरू केली, नागपूर खंडपीठात सरकारी वकील म्हणून काम केले, २००३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश. हा चाळीस वर्षांचा हिशेब मुलीसमोर आधीच ठेवलेला बरा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठीही आता किमान तीन वर्षे वकिली केलेली असणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने ती अट पुन्हा आली.

उत्तर : वर्धेकर

राज्यघटनेने आमदारासाठी कोणतीही शैक्षणिक अट घातलेली नाही. पंचवीस वर्षे वय पूर्ण असले की पुरे. उमेदवाराचा व्यवसाय आणि शिक्षण त्याच्या शपथपत्रात असते व ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येते. आपल्या जिल्ह्यातील शपथपत्रे तिनेच एकदा चाळावीत, म्हणजे आजोबांचा आणि वडिलांचा वाद आपोआप मिटेल.

उत्तर : गाठीवाला, हिंगणघाट

मी कापसाच्या निर्यातीत काम केले आहे, म्हणून तिसऱ्या क्षेत्राबद्दल लिहितो. उद्योगात वकील क्वचितच शिखरावर दिसतात. खडकीत जन्मलेले अजय बंगा अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन शिकून नेस्लेमध्ये लागले, २०१० मध्ये मास्टरकार्डचे प्रमुख झाले आणि २०२३ पासून जागतिक बँकेचे अध्यक्ष आहेत. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई धातुशास्त्राचे अभियंते, तर पेप्सिकोच्या माजी प्रमुख इंद्रा नूयी यांची पहिली पदवी विज्ञानाची.

तरीही एक उदाहरण वडिलांना आवर्जून सांगावे. क्रिस्तीन लगार्द फ्रान्सच्या वरिष्ठ प्रशासन प्रशालेच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाल्या. मग त्या बेकर मॅकेन्झी या आंतरराष्ट्रीय विधी संस्थेत लागल्या आणि १९९९ मध्ये तिच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. पुढे फ्रान्सच्या अर्थमंत्री, २०११ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख आणि २०१९ पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष. आमच्या मुलामुलींची पाच-पाच वर्षे अभ्यासिकेतच संपतात, त्यांच्या पालकांना हे कोणी सांगत नाही.

आणि कायदा व्यापारापासून फार दूर नाही. आपल्या भागातील कापसाच्या गाठी परदेशी जातात तेव्हा अनेक करार लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय कापूस संघटनेच्या नियमांनी होतात. माल कमी प्रतीचा निघाला असा वाद उठला, तर लवाद इंग्लंडमध्ये आणि इंग्लिश कायद्यानुसार. तो करार नीट वाचणारा माणूस जिनिंगवाल्यांना मुंबईहून शोधून आणावा लागतो.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : दारव्ह्याचे मास्तर

आपणा सर्वांचे आभार. लिव्हरपूलची गोष्ट ऐकून वडील पहिल्यांदाच गप्प बसले, कारण त्यांचा कापूस नेणाऱ्या व्यापाऱ्याची ओरड त्यांनी ऐकलेली आहे. मुलगी विचारते, बारावीनंतर थेट कायद्याला जाता येते का?

उत्तर : तालुका न्यायालयातील वकील

येते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतरचा तीन वर्षांचा. राज्यातील महाविद्यालयांसाठी सीईटी आणि नागपूरजवळ वारंगा येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट, अशा दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दोन्हींचे अर्ज वेगवेगळ्या वेळी निघतात. तिचा इंग्रजीचा पेपर कसा गेला होता, ते कळवावे.