बार्बरा गॉर्डन: बॅटगर्लपेक्षा ओरॅकल अधिक खोल का वाटते?

मांडवीकाठ (पणजी)

नमस्कार. मालिका आणि चित्रपटांमुळे बार्बरा गॉर्डन बहुतेकांना बॅटमॅनच्या कथांतली बॅटगर्ल म्हणूनच ठाऊक असते. पुढे कॉमिक्समध्ये हीच बार्बरा ओरॅकल नावाने वावरते, ती मात्र फार थोड्यांनी वाचली आहे, म्हणून हा विषय काढतो आहे.

१९६७ च्या जानेवारीत 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३५९ व्या अंकात ती प्रथम आली, तेव्हा ती गॉथम शहराच्या पोलीस आयुक्तांची हुशार मुलगी आणि व्यवसायाने ग्रंथपाल होती. वेशभूषेच्या मेजवानीला निघाली असता वाटेत ब्रूस वेनवर (म्हणजे खुद्द बॅटमॅनवर) हल्ला होताना तिला दिसतो आणि ती मध्ये पडते. कथा मजेदार आहे, पण तिच्या मनात डोकावायला तीत फारशी जागा नाही. पुढे १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये ती दार उघडते, समोर बॅटमॅनचा शत्रू जोकर उभा असतो आणि तो तिला गोळी घालतो. त्यानंतर तिला चालता येत नाही. हा प्रसंग मुळात तिचा नाहीच. जोकरला तिच्या वडिलांना वेड लावायचे असते आणि त्यासाठी ती निव्वळ साधन ठरते. एवढ्या उपेक्षेनंतर हेच पात्र इतके समृद्ध कसे झाले, आणि २०११ मध्ये तिला पुन्हा चालती करून बॅटगर्ल बनवले ते योग्य होते का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

फोंड्याचा वाचक

श्रेय प्रामुख्याने जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दांपत्याला द्यावे लागेल. बार्बराची अशी बोळवण त्यांना पटली नव्हती. १९८९ मध्ये 'सुइसाइड स्क्वाड' या मालिकेत त्यांनी ओरॅकल आणली ती संगणकावरून माहिती पुरवणारी एक अनोळखी व्यक्ती म्हणून; ही बार्बराच आहे हे वाचकाला बऱ्याच अंकांनंतर उमगते. म्हणजे वाचकाने आधी तिच्या बुद्धीचा आदर करायचा आणि व्हीलचेअर नंतर पाहायची. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तिच्या मधल्या काळाची कथा याच दोघांनी १९९६ मध्ये 'बॅटमॅन क्रॉनिकल्स'च्या पाचव्या अंकात लिहिली. ती लहानशीच आहे, पण जरूर मिळवून वाचा. 'द किलिंग जोक'च्या शेवटी बॅटमॅन आणि जोकर एकत्र हसताना दिसतात, हे आपल्याला आठवत असेलच. त्या हसण्याचा जाब इथे बार्बरा स्वतः बॅटमॅनला विचारते, आणि जिला मूळ पुस्तकात धड बोलूही दिले नव्हते तिच्या तोंडून तो प्रश्न आल्यावर मूळ पुस्तकच वेगळे दिसू लागते. त्यानंतर ती रिचर्ड ड्रॅगन या युद्धकलेच्या गुरूकडे खुर्चीत बसूनच काठ्यांनी लढायला शिकते. तिचा संताप लेखकांनी घाईने मिटवलेला नाही.

पुस्तकांची कपाटे (डिचोली)

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती आहे. ती ग्रंथपाल असणे हा आरंभी केवळ साधेपणाचा मुखवटा होता. ओरॅकलमध्ये तेच कौशल्य तिची खरी शक्ती बनले. संदर्भ विभागात वाचक अर्धवट नाव आणि 'निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक होते' एवढेच घेऊन येतो, आणि त्याला नेमके काय हवे आहे हे आपण दोन-तीन प्रश्नांत काढून घ्यायचे असते. घड्याळाच्या मनोऱ्यातल्या आपल्या ठाण्यात बसून बार्बरा हेच करते, फक्त पलीकडच्या माणसाच्या जिवावर बेतलेले असते.

'बर्ड्स ऑफ प्रे' या मालिकेत ब्लॅक कॅनरी या नायिकेला ती कित्येक अंक केवळ कानातला आवाज म्हणून परिचित असते. प्रत्यक्ष भेट न होता वाढलेली ही मैत्री चक डिक्सन यांनी सुरेख रंगवली आणि २००३ पासून गेल सिमोन यांनी ती अधिक विनोदी, अधिक भांडखोरही केली. १९९९ च्या 'नो मॅन्स लँड'मध्ये भूकंपानंतर गॉथमला सरकार वाऱ्यावर सोडते, तेव्हा शहराची बखर ठेवणारीही ओरॅकलच आहे.

तिचे दोषही दाखवले आहेत, हे मला विशेष आवडते. ती हुकूम सोडते, माहिती दडवते, आणि नवी बॅटगर्ल झालेल्या कॅसँड्रा केनला वाचायला शिकवताना तिचा संयम सुटतो.

म्हापश्याचा शेखी

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. गॉथमच्या जगात मेलेली माणसे परत येतात, परग्रहावरचे तंत्रज्ञान हाताशी असते. तरीही वीसेक वर्षे लेखकांनी बार्बराला बरे केले नाही, आणि त्यामुळेच ओरॅकल टिकली. २०११ मध्ये एका शस्त्रक्रियेच्या आधारे ती चालू लागली, तेव्हा बॅटगर्ल होऊ शकतील अशा कॅसँड्रा आणि स्टेफनी ब्राउन या दोघी तिथे आधीच होत्या. ओरॅकलची जागा घेणारे मात्र दुसरे कोणी नव्हते.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव झाला, तेव्हा अपंगांकडे दयेने न पाहता माणूस म्हणून पाहा, असे सगळेच बोलत होते. ओरॅकलच्या कथांत ते न बोलता घडत होते. तिची खुर्ची दारातून कशी जाते, हल्ला झाला तर ती काय करते, एवढेच दाखवले जाई आणि कथा पुढे सरके.

फोंड्याचा वाचक

शेखीबाब, निर्णय चुकीचा होता हे मलाही मान्य आहे. परंतु त्यानंतरचे लेखन सरसकट टाकाऊ मानू नये. बॅटगर्लची ती नवी मालिकाही गेल सिमोन यांच्याकडेच होती, आणि पहिल्याच अंकात कोणी बंदूक रोखताच बार्बरा जागीच थिजते. शरीर बरे झाले तरी ती गोळी तिच्या मनातून गेलेली नाही, हे त्यांनी लपवले नाही. माझी तक्रार प्रकाशकाच्या धोरणाविषयी आहे, सिमोन यांच्याविषयी नाही.

मांडवीकाठ, नव्या वाचकाला देण्यासाठी विचारत असाल तर 'द किलिंग जोक' आधी देऊ नका. १९९६ ची ती छोटी कथा द्या, मग 'बर्ड्स ऑफ प्रे'चे सिमोन यांचे अंक. जोकरचे पुस्तक हवे तर त्यानंतर, बार्बरा कोण आहे हे त्याला पुरते कळल्यावर.