मदत हवी आहे: रोजची धाव कमी, तरी डिझेल घ्यावी का?

मंडळी, नवी गाडी घ्यायची आहे आणि पेट्रोल की डिझेल इथेच घोडं अडलंय. एरवी गाडी गर्दीत जेमतेम आठ-दहा किलोमीटर फिरेल. अधूनमधून मात्र घाटातून लांबचा प्रवास, तोही पाच माणसं आणि सामान भरून.

डिझेलची ओढ मला मनापासून आवडते. कमी आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच टॉर्क (ओढायचा जोर) मिळतो, चढावर सारखे गिअर बदलावे लागत नाहीत, अ‍ॅव्हरेजही जास्त. पण काळजी डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची वाटते. त्यात साठलेली काजळी जळायला फिल्टर साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि छोट्या फेऱ्यांत तर इंजिनच नीट गरम होत नाही. एकदा का फिल्टर पुरता तुंबला, की खर्च मोठा.

ज्यांचा वापर असाच आहे त्यांनी कृपया सांगा: आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर एका वेगात चालवली तर डीपीएफ साफ राहतो का? आणि भरलेली टर्बो पेट्रोल गाडी घाटात दमते का? साधं पेट्रोल इंजिन वापरणाऱ्यांचा अनुभवही हवाय.