दीड लाखात गाडी घ्यायची, तर चालवायला मजा येईल अशीच घ्यावी. तुमचं मत काय?

भोरचा_घाटवेडा

नमस्कार मंडळी,

चाकणला एका टूलरूममध्ये कामाला आहे. चार वर्षं महिन्याला तीन-साडेतीन हजार बाजूला टाकून १ लाख ६० हजार जमवलेत. त्यात चारचाकी घ्यायची आहे. रोज कामावर बाईकनेच जाणार. गाडी शनिवारी भोरला घरी यायला आणि महिन्यातून एकदा वरंधा घाट उतरून महाडला मावशीकडे जायला.

घरात दोन मतं आहेत. मामा म्हणतो, साठवलेलं डाऊन पेमेंटला भर आणि नवी घे. हिशोब करून बघितला. पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे हप्ता १०,३७९ रुपये. हातात पगार येतो अठ्ठावीस हजार. वडील म्हणतात, जुनीच घ्यायची तर सेडान घे, मागे वेगळी डिकी असलेली लांब गाडी, चार लोकांत उठून दिसेल.

मला दोन्ही पटत नाही. गाडी मी काकांच्या मारुती झेनवर शिकलो. १९९३ ला आलेली ही गाडी, ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर, पण वजन साडेसातशे किलोच्या आसपास. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वरंध्याच्या वळणावर रस्त्यावरची खडी हाताच्या तळव्याला कळायची. दुसरा गिअर धरून चढावर वळण संपता संपता पाय दिला की गाडी अशी उचलायची, की मागे बसलेली काकू म्हणायची, "सावकाश रे बाबा." वेग तेव्हा चाळीसही नसायचा. त्यानंतर मित्रांच्या मोठमोठ्या गाड्या चालवल्या, ती मजा आली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पैसे कमी असतात तेव्हा हलकी, साधी गाडी घ्यावी. टायर छोटे म्हणून स्वस्त, पेट्रोल कमी, विमा कमी. हजार सीसीपर्यंतच्या गाडीला थर्ड पार्टीचा मूळ हप्ता २,०९४ रुपये आहे, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६. आणि चालवताना जीव रमतो. अल्टो के-१० डोक्यात आहे, २०१० ते १४ मधली. ९९८ सीसी, ६७ हॉर्सपॉवर, वजन झेनएवढंच. मन मात्र फियाटच्या पालिओकडे ओढतंय, १.६ लिटर इंजिनवाली. एकाकडे २००४ ची आहे, ऐंशी हजार म्हणतोय.

विरोधी मतंही हवी आहेत. मोकळेपणाने लिहा.

वाकडचे_काका

मामांचं ऐका. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत घेणं. दर महिन्याला गॅरेजचं बिल येणार, ते हप्त्याएवढंच होईल. नव्या गाडीला वॉरंटी असते, रात्री-अपरात्री घाटात बंद पडत नाही. तुमचं लग्न व्हायचंय, घरात आणखी माणसं येतील. मजा वगैरे या वयात सुचते, पण गाडी ही सोय आहे.

भोरचा_घाटवेडा

काका, गॅरेजचं बिल महिन्याला दहा हजार येत असेल तर ती गाडी घेताना बघितलीच नव्हती असं मी म्हणेन. आणि एखाद्या महिन्यात ओव्हरटाईम मिळाला नाही तर गॅरेजचं काम पुढच्या महिन्यावर ढकलता येतं. बँकेचा हप्ता ढकलता येत नाही. माझ्याच लाइनवरच्या दोघांनी गाडीचे हप्ते थकल्यावर गाडी परत दिलेली मी पाहिली आहे. एकाने तर तोपर्यंत तीन वर्षं भरले होते.

कराडचा_मिस्त्री

भावा, तुझं हलक्या गाडीचं म्हणणं बरोबर हाय. पण पालिओचा नाद सोड.

गाडी भारी होती, यात वाद न्हाई. २००१ ला आली, १.६ ला शंभर हॉर्सपॉवर, त्या काळात छोट्या गाडीत एवढी ताकद कुणाकडं नव्हती. पत्रा जाड, हायवेला रस्ता धरून जायची. पण आता सामान कुठनं आणणार? पुण्यात नाना पेठेत फिरून एखादा जुना पार्ट मिळंल, तोवर गाडी माझ्या शेडात उभी. आणि २००४ ची म्हणजे वीस वर्षं उलटली. पंधरा वर्षांनी आरसी नव्यानं करायला ५,००० फी हाय, वीसच्या वरच्या गाडीला २०२५ पासून १०,००० केलीय. वर जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स. ऐंशी हजारात ती बसत न्हाई.

आता गाडी बघायची कशी ते सांगतो, कारण मॉडेलपेक्षा कंडिशन मोठी.

सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांग की इंजिन चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर त्यानं तुझ्याआधी स्टार्ट मारलाय. थंड इंजिनला पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमागं उभा राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंडीत येते, ती मिनिट-दोन मिनिटांत गेली पाहिजे. तशीच येत राहिली आणि ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील गेलंय, तिथनं सरळ घरी ये.

मग बॉनेट उघडून दोन्ही बाजूचे ॲप्रन, म्हणजे इंजिनच्या कडेचे आतले पत्रे बघ. कंपनीतनं आलेल्या पत्र्यावर स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीनं दिसतात. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पत्रा किंवा हातानं मारलेलं वेल्डिंग, म्हणजे पुढनं ठोकलेली गाडी. मालक काय वाट्टेल ते सांगू दे. पायातलं मॅट उचलून फ्लोअरला टॉर्च मार. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरव, पुढनं कट-कट आवाज आला तर ड्राईव्ह शाफ्टचा जॉइंट संपला.

आणि १ लाख ६० असतील तर गाडी १ लाख १५-२० च्या वर घ्यायची न्हाई. उरलेले माझ्यासारख्याच्या हातात जाणार हायत. टायर, बॅटरी, बुश, क्लच, आणि पेट्रोलचे रबरी पाईप. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याला चालणारं सामान २०२३ पासूनच्या गाड्यांतच सक्तीचं हाय.

फोंडेकर

एक भर घालतो. किनारपट्टीवरची गाडी असेल तर दाराखालचा उंबरठा आणि मागच्या चाकांवरची कमान बोटाने दाबून बघा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत वरून रंग चकचकीत आणि आत पत्रा पापडासारखा झालेला असतो.

पिंपरी_डिझेल

कशाला एवढं? दिल्लीहून डिझेल स्विफ्ट आणा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश निघाला होता म्हणून मातीमोल विकतात. मायलेज बघा, पिकअप बघा.

कराडचा_मिस्त्री

दिल्लीची एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा, आरटीओचे हेलपाटे, हे सगळं धरा. वर फक्त शनिवार-रविवार गाडी काढणाऱ्याला डिझेल कशाला? इंजेक्टरचं काम निघालं की पाच वर्षांची मायलेजची बचत एका दिवसात जाते.

डॉ_अस्थी

मी जिल्ह्याच्या ठिकाणी हाडांचा डॉक्टर आहे. इथे एकाही प्रतिसादात सुरक्षिततेचा शब्द आला नाही, म्हणून लिहितो. थोडं कडक लिहीन, राग मानू नका.

जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने धडकवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो, पोलो. सगळ्या विनाएअरबॅगच्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. आपल्याकडे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती एप्रिल २०१९ मध्ये, आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ मध्ये. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी बहुधा नसतातच.

तुम्ही म्हणता वेग चाळीसही नव्हता. तुमचा नव्हता. समोरून वळण कापत येणाऱ्या डंपरचा किती असेल? गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला माझ्याकडे एक मुलगा आणला. वय तुमच्याएवढंच. गाडी छोटी, जुनी, एअरबॅग नाही. डॅशबोर्ड आत घुसून दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेली. तो वाचला, पण अजून काठी घेऊन चालतो. त्याची आई ऑपरेशन थिएटरच्या बाहेर त्याची एक चप्पल हातात धरून बसली होती, दुसरी गाडीतच राहिली होती. तुम्हाला वरंध्यात जायचंय, म्हणून हे सांगितलं. तुमच्या जागी मी पैसे साठवत आणखी दोन वर्षं थांबेन.

शाहूपुरीची_ताई

डॉक्टर, तुमचं म्हणणं काळजावर घेतलं. पण दोन वर्षं थांबून तो काय करेल? बाईकवरच फिरेल ना? भोर ते चाकण, पावसात, ट्रकांच्या मधून. बाईकवर कुठली एअरबॅग असते?

माझी पहिली गाडी जुनी झेन होती, नऊ वर्षं वापरली. मी शाळेत शिक्षिका, नवरा बाहेरगावी नोकरीला, दोन मुलं लहान. पहिल्याच उन्हाळ्यात आंबा घाटात रेडिएटरचा पाईप फुटला. ज्या गॅरेजने "सगळं ओके" सांगून गाडी दिली होती, त्यांनी नंतर फोनही उचलला नाही. दीड तास मुलांना घेऊन झाडाखाली बसले. तेव्हापासून डिकीत पाण्याचा कॅन, जादा बेल्ट आणि पाईपचा क्लॅम्प ठेवायला लागले. पाना धरायला शिकले. त्या गाडीने मला कुणाच्या तोंडाकडे न बघता बाहेर पडायला शिकवलं. रविवारी मुलं झोपलेली असताना मी एकटी पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायची, फक्त गाडी चालवायला. त्या एका तासावर माझा आठवडा निघायचा. काका, तुम्ही मजेला वयाचं म्हणालात. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते.

डॉ_अस्थी

ताई, बाईकचा मुद्दा मान्य. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त दुचाकीवालेच असतात, हे मी लिहायला हवं होतं. मग माझी मागणी बदलतो. जुनी घ्या, छोटी घ्या, पण एअरबॅग असलेली घ्या. स्विफ्टच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला २००५ पासून दोन एअरबॅग आणि एबीएस होतं. फोर्ड फिगोच्या टायटॅनियम मॉडेललाही होतं. आणि बेल्ट मागच्या सीटवरही लावायचा, मावशीनेसुद्धा.

भोरचा_घाटवेडा

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद रात्री आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. त्यानंतर साध्या के-१० चा विचार माझ्याच्याने होईना.

फिगो टायटॅनियम पेट्रोल शोधायला लागलो. माझं हलकेपणाचं गणित त्यात बिघडतं, हे खरं आहे. गाडी टनभर वजनाची, इंजिन १.२, ताकद सत्तरच्या आसपास. चढावर के-१० सारखी उचलत नाही. पण शनिवारी एक चालवून बघितली, तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, विजेच्या मोटरवर चालणारं नाही. जुन्या कात्रज घाटात तीन वळणं घेतली आणि हातांना रस्ता पुन्हा कळला. चौथ्या वळणाला मी एकटाच हसत होतो.

ती गाडी घेतली नाही. मिस्त्री, तुमच्या सांगण्यावरून बॉनेट उघडलं. उजव्या ॲप्रनवर ठिपक्यांची ओळ सरळ, डावीकडे पत्रा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. विकणारा म्हणत होता एकही ओरखडा नाही. इग्निशन चालू केल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही लागला नाही.

कराडचा_मिस्त्री

दिवा किल्ली फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच न्हाई म्हणजे बल्ब काढून ठेवलाय, आत एअरबॅगच्या जागी काय कोंबलंय देव जाणे. बरं केलंस सोडलीस ते.

आणि फोर्डनं २०२१ मध्ये इथलं गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, पण सर्व्हिस आणि पार्ट मिळतात. फिगो रस्त्यावर भरपूर हायत, सामान अडत न्हाई. माझा पालिओबद्दलचा नियम हिला लागू न्हाई.

वाकडचे_काका

माझं मत अजूनही नव्या गाडीचंच आहे. पण घेताय तर कागद नीट बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही. ई-चलन थकलेलं असेल तर ते आधी त्याच्याकडूनच भरून घ्या. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी बसलीय का ते बघा. पूर्ण पैसे एजंटच्या हातात देऊ नका.

भोरचा_घाटवेडा

काका, मनापासून आभार. हे सगळं वहीत लिहून घेतलं.

साताऱ्यात एक मिळालीय. २०१२ ची टायटॅनियम, पहिला मालक, निवृत्त पोस्टमास्तर. १ लाख ३० म्हणतात. २०२७ ला पंधरा वर्षं पुरी होतात, तेव्हा नव्याने पासिंगचा खर्च येईल, ते सांगून १ लाख १५ ला मागणार आहे. रविवारी सकाळी सातला जातोय. इंजिन चालू करू नका म्हणून फोनवर सांगितलंय. ते म्हणाले, "मी तर आठवडाभर हातच लावलेला नाही तिला."

कराडचा_मिस्त्री

आठवडाभर उभी असंल तर बॅटरी उतरली असंल, जम्प केबल घेऊन येतो. सातारा मला तासाभराचा रस्ता हाय. बसस्टँडसमोर सव्वासहाला थांब. पैसे देऊ नको, फक्त चहा पाज.