सल्ला हवा: फुफ्फुसातल्या गाठी उंदीर न मारता कशा पाहाव्यात?

रानजाई:
नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष. उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या ४टी१ नावाच्या पेशी बाल्ब-सी जातीच्या उंदीर-माद्यांच्या स्तनात टोचते. त्या फुफ्फुसात कधी पोचतात आणि औषधाने ते लांबतं का, हे बघायचंय. आतापर्यंत दर आठवड्याला सहा उंदीर मारून फुफ्फुसातल्या गाठी मोजल्या. चार आठवड्यांचे एका गटात चोवीस झाले. मनाला फार लागतं. शिवाय दर आठवड्याचा उंदीर वेगळा, त्यामुळे एकाच जिवात आजार कसा सरकला ते कळत नाही. मायक्रो-सीटी (लहान प्राण्यांचं सीटी स्कॅन), अल्ट्रासाउंड, पेट स्कॅन, ल्युसिफेरेझ यांतलं काय निवडू? मशीनचे तास मोजकेच मिळतील.

प्रयोगवही:
ताई, ल्युसिफेरेझ. अल्ट्रासाउंड स्तनातली मूळ गाठ मोजायला उत्तम, पण हवेने भरलेल्या फुफ्फुसातून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचतात. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, डोस उशिरा आला की दिवस वाया. त्यात हृदयही ती साखर ओढून घेतं आणि शेजारच्या बारीक गाठी झाकोळतात.

ल्युसिफेरेझ हे काजव्याचं विकर. त्याचं जनुक पेशींत घातलं की ल्युसिफेरिन टोचल्यावर त्या उजळतात. त्यासाठी एटीपी (पेशीचं इंधन) आणि ऑक्सिजन लागतो, म्हणून फक्त जिवंत पेशीच दिसतात. ल्युसिफेरिनचा डोस सहसा वजनाच्या किलोला १५० मिलीग्रॅम, पोटाच्या पोकळीत सुईने. उजेड साधारण १० ते २० मिनिटांत सर्वांत जास्त होतो, पण तुमच्या उंदरांत नेमका केव्हा, ते आधी दोन-दोन मिनिटांनी फोटो काढून ठरवा आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच मिनिटाला फोटो घ्या. मी ही पायरी गाळली होती. कधी आठव्या मिनिटाला, कधी पंचविसाव्या. तीन महिन्यांचे आकडे एकमेकांशी लावताच आले नाहीत.

आणि मूळ गाठ इतकी झगमगते की फुफ्फुसातला मंद उजेड तिच्यापुढे हरवतो. फोटोच्या वेळी ती काळ्या कागदाने झाका, नाहीतर ऑपरेशन करून काढा.

काळा_दगड:
ल्युसिफेरेझला माझा विरोध नाही, पण उजेड म्हणजे आकार नव्हे. मोठ्या गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन पोचत नाही. गाठ वाढत असते आणि उजेड घटतो. तुम्ही औषधाला यश देऊन बसाल. दुसरं, बाल्ब-सीची प्रतिकारशक्ती शाबूत असते आणि तिला काजव्याचं प्रथिन परकं वाटतं, म्हणून ती त्या पेशींवरच हल्ला करू शकते. ल्युसिफेरेझ नसलेल्या पेशींचा एक छोटा गट ठेवाच. शेवटी मायक्रो-सीटी करून फुफ्फुसं कापूनही तपासा. सीटी श्वासाशी जुळवून घेतलेली हवी, नाहीतर छाती हलल्याने बारीक गाठी पुसट होतात. दर आठवड्याला मात्र सीटी नको, क्ष-किरणांचाच गाठीवर परिणाम होईल.

गोठा_ते_लॅब:
मी पशुवैद्य आहे. आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाखाली उंदीर फार पटकन गारठतो. फोटोच्या वेळीच नव्हे, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ऊब द्या, डोळ्यांना मलम लावा. अंग गार पडलं तर उजेडाचा आकडाही बदलतो. दर वेळी वजन लिहा.

आणखी एक, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. उंदीर कमी लागतील, पण प्रत्येकाला चार वेळा भूल, चार वेळा सुई. मूळ गाठ काढलीत तर ऑपरेशनही. प्राणी नीतिमत्ता समितीच्या अर्जात हे स्पष्ट लिहा. वेदनाशामक कोणतं आणि उंदीर किती खालावला की थांबणार, तेही. नुसती संख्या घटवून भागत नाही.

प्रयोगवही:
अगदी खरं. मशीनसाठी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातही विचारून पाहा, तिथे लहान प्राण्यांच्या इमेजिंगची सोय आहे.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑपरेशनचा मी विचारच केला नव्हता. उद्या गाइडशी बोलून आधी तीन उंदरांवर वेळेचा आलेख काढते. डॉक्टर, वजन किती घटलं की थांबायचं? अर्जात आकडा लिहावा लागेल.

गोठा_ते_लॅब:
२० टक्के ही नेहमीची मर्यादा. पण गाठीचंही वजन असतं, त्यामुळे काट्यावर उंदीर ठीक दिसतो आणि अंग मात्र झिजलेलं असतं. पाठीचा कणा रोज बोटाने चाचपून बघा.