परदेशातून येताना 'फर्स्ट कॉपी' आणि कस्टम: तुमचे अनुभव टाका

नोकरीमुळे काही वर्षं ग्वांगझूला आहे, आता गाशा गुंडाळून कायमचा ठाण्याला येतोय. इथे बायुन भागात लेदरच्या बॅगांचं मार्केट आहे, मजलेच्या मजले नुसत्या पर्सा. घरून यादी आलीये, वहिनीला पर्स, मेव्हण्याला घड्याळ, भाच्याला बूट. सगळं डुप्लिकेट असणार हे सगळ्यांना माहितीये आणि सगळ्यांना तेच हवंय!! तर एअरपोर्टवर नक्की काय होतं? ऐकीव नको, स्वतःवर आलेलं सांगा. उपदेश करणारे पण या, पण आधी अनुभव.

खाडीवाला

माझं ऐका. दुबईत करामाला गेलात की फुटपाथवरच कोणीतरी कानाशी येऊन 'बॉस, कॉपी वॉच, कॉपी बॅग' करतो आणि मग दुकानात नाही, मागच्या जिन्याने वर एका खोलीत नेतो. तिथून बायकोच्या मामांसाठी रोलेक्स घेतलं, दीडशे दिरहॅम. मामा आमच्याकडे दुबईत राहायला आले होते, येताना सोबतच होते, घड्याळ माझ्या बॅगेत आणि त्यांना सांगितलेलं की ओरिजिनल आहे. भारतात उतरलो, एक्सरेला बॅग बाजूला काढली. साहेब म्हणे कितीचं? दीडशे दिरहॅम. तो हसला, रोलेक्स दीडशेला? बिल दाखवा. बिल कुठलं असायला! त्याने मोबाईलवर कंपनीची किंमत काढली, तेव्हा 50,000 पर्यंत माफ होतं आणि वरच्यावर 38.5 टक्के ड्युटी, तो आकडा ऐकून मला घाम फुटला. मग भर हॉलमध्ये मी ओरडून सांगतोय की साहेब खरंच नकली आहे हो, आणि मामा शेजारी उभे. शेवटी एक सीनियर आला, घड्याळ कानाला लावलं, सेकंदकाटा टिकटिक उड्या मारत चाललेला (ओरिजिनलचा सरकत जातो म्हणे), म्हणाला डुप्लिकेट है, जाने दो. ड्युटी शून्य. मामांनी घड्याळ घेतलं, घातलं पण, पण घरी येईपर्यंत टॅक्सीत एक शब्द नाही.

न्हावाशेवा

क्लिअरिंगच्या (कस्टममधून माल सोडवून द्यायच्या) धंद्यात आहे म्हणून सांगतो. वरच्या किश्श्यात सगळं आलं. आपल्याकडे पॅसेंजरच्या बॅगेत कस्टमला नकलीपेक्षा किंमतीत जास्त इंटरेस्ट असतो. नकली माल अडवायचे 2007 चे नियम आहेत, पण वैयक्तिक वापरासाठी स्वतःच्या सामानात आणलेला, विकायचा नसलेला माल त्यातून वगळलाय. मात्र एकाच मॉडेलच्या बारा पर्सा निघाल्या आणि तुम्ही म्हणालात बारा बहिणी आहेत, तर तो वैयक्तिक वापर कोणी मानणार नाही, माल जप्त आणि वर दंड. कायमचे परत येताय तर ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची वेगळी सवलत मिळते का बघा, पण ती मुख्यतः घरातल्या वापरलेल्या सामानाला. आणि आकडे बदलत असतात, निघायच्या आधी ताजे बघा.

इसारकाठ

मी म्युनिकला. इस्तंबूलच्या ग्रँड बाजारातून दोन बॅगा आणल्या, हिरव्या दारातून (कस्टमला सांगण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांचं) निघाले तरी थांबवलं. किती दिले, कोणासाठी, विकणार का, एवढंच. जर्मनीत विमानाने येताना 430 युरोच्या आतलं आणि स्वतःच्या वापराचं असेल तर चालतं, तेही जिथे घेतलं तिथे दिलेल्या किमतीवर. पण हे ऐकून कोणी पॅरिसमार्गे येऊ नका!! फ्रान्समध्ये एक पीस, स्वतः वापरायला, तरी गुन्हा. माझ्या मैत्रिणीची खांद्यावरची पर्स तिथे गेली, आतलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून हातात दिलं. इटलीत तर विकत घेणाऱ्यालाच दंड, 7,000 युरोपर्यंत जाऊ शकतो, म्हणून बीचवर चादर पसरून बसलेल्यांकडे मी बघत पण नाही.

गोदाकाठी

माझा कस्टमचा किस्सा नाही, नंतरचा आहे. 2009 ला शेन्झेनहून येताना घरच्यांसाठी चायना फोन आणले, दोन सिम, टीव्हीचा अँटेना, स्पीकर असा की गणपतीच्या मांडवात लावावा. कस्टममध्ये कोणी विचारलंसुद्धा नाही. आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरनंतर सरकारने आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) नसलेले फोन बंद करायला लावले. सकाळी अख्ख्या घराचे फोन मेले, आत्या लँडलाईनवरून मलाच शिव्या घालतेय. 199 रुपयांत तो नंबर टाकून देणारी केंद्रं होती, तिथे रांगेत उभा राहिलो. त्यामुळे बॅगा आणा बूट आणा, प्लगला लावायचं काही आणू नका. नकली चार्जर तर अजिबातच नको.

शंकासूर

सगळे हौसेने लिहिताय, पण हा चोरीचाच माल ना? कोणाची तरी डिझाईन ढापलेली. मेव्हण्याला चांगलं टायटन घ्या की त्याच पैशात.

खाडीवाला

@शंकासूर, मामांना पुढच्या वर्षी तेच दिलं. रोज तेच घालतात. रोलेक्स फक्त लग्नाला.

धागाकर्ता

हाहा, मामांना नमस्कार. बिलाचं काय करू? इथे हाताने लिहिलेली चिनी पावती देतात, त्यावर ब्रँडचं नाव मुद्दामच टाकत नाहीत.

न्हावाशेवा

ती ठेवाच, आणि वुईचॅटवर पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट पण. किंमत विचारली की तोच दाखवायचा, आणि आधीच म्हणायचं की कॉपी आहे, घासाघीस करत बसायचं नाही. ब्रँडचे खोके, टॅग, खोटी वॉरंटी कार्डं तिथेच टाकून या, त्यानेच माल ओरिजिनल वाटतो. एकेकच पीस घ्या. भाच्याचा नंबर तुमच्या पायाचा असेल तर बूट घालूनच या.

धागाकर्ता

भाचा सात वर्षांचा आहे.